मुली कमी येतात म्हणून

बीएमएक्स, म्हणजे छोट्या सायकलींच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रॅकच्या कडेला एका फळीवर कागद चिकटवतात. कोण कुठल्या फेरीत आणि गेटवर कितव्या जागी, ते त्यावर असतं. बीएमएक्सवाले या फेरीला 'मोटो' म्हणतात. कागद लागला की पोरं धावत येतात आणि पेननं मनगटावर आपले आकडे लिहून घेतात, कारण एकदा हेल्मेट डोक्यात गेलं की काही आठवत नाही. माझी लेक दहा वर्षांची आहे. त्या रविवारी तिनं लिहून घेतलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, आम्ही दोघीच आहोत."

तिच्या वयोगटात नाव नोंदवलेल्या मुली तीन होत्या, त्यातली एक तापानं घरी होती. मग या दोघींना एक वर्षानं लहान असलेल्या मुलांच्या मोटोत घातलं. शर्यत सगळ्यांची एकत्र, गुण मात्र मुलींचे वेगळे. दिवसभर माझी लेक पाच मुलगे आणि एका मुलीबरोबर धावली. त्या मुलीच्या मागे आली म्हणून तिला दुसरं बक्षीस मिळालं. घरी येताना गाडीत तिनं ते मांडीवर ठेवलं होतं आणि काही बोलत नव्हती. दोघीत दुसरं येणं म्हणजे काय, ते दहा वर्षांच्या मुलीला कळतं.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथले क्लब आईबाप आणि हौशी मंडळीच चालवतात. त्या दिवशीच्या शर्यतीचे व्यवस्थापक पहाटे सहाला येऊन हातात दाताळं घेऊन ट्रॅक सारखा करत होते, संध्याकाळी सगळ्यात शेवटी तेच निघाले. भला माणूस. मी त्यांना विचारलं, मुलींच्या दोन-तीन वयोगटांना एकत्र करून निदान सहा-सात जणींची एक फेरी का करत नाही? ते म्हणाले, वेळापत्रकात बसत नाही, आणि मुली कमीच येतात.

हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय की आता ते आलं की मी थांबून त्याच्याकडे नीट बघते. मुली कमी येतात म्हणून जागा कमी, फेऱ्या कमी, पैसा कमी. ऐकायला हिशेबाचं वाटतं. माझं म्हणणं असं की हा हिशेब उलटा मांडलेला आहे. या खेळात जिथे जिथे मुलींसाठी जागा आधी केली गेली, तिथे मुली आल्या. जिथे त्या येण्याची वाट बघत बसले, तिथे त्या आल्या नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. वीस इंची चाकांची सायकल, एकच गिअर, ब्रेक फक्त मागे. एका टेकाडावर लोखंडी गेट असतं, त्याला पुढचं चाक टेकवून आठ जणी उभ्या राहतात. पाय जमिनीवर नाहीत, दोन्ही पेडलवर. म्हणजे थांबलेल्या सायकलवर तोल सांभाळायचा. मग ध्वनिमुद्रित आवाज येतो, "रायडर्स रेडी, वॉच द गेट". त्यानंतरचा थांबा दर वेळी कमीजास्त असतो, म्हणजे अंदाजानं निघता येत नाही. पिपाणीसारखे आवाज, लाल-पिवळे-हिरवे दिवे, आणि गेट धाडकन खाली पडतं. पुढचे तीन-चारशे मीटर उंचवटे, उड्या आणि भिंतीसारखी कलती वळणं. ऑलिम्पिकला ते टेकाड आठ मीटर उंच असतं, वेग तासाला साठ किलोमीटरच्या आसपास जातो आणि सगळं पाऊण मिनिटाच्या आत संपतं. गेट पडल्यावरच्या पहिल्या दोन सेकंदांत निम्मी शर्यत झालेली असते. पहिल्या वळणावर जी पुढे, तिला गाठायचं तर तिच्या आतून घुसावं लागतं, आणि तिथेच चाकाला चाक लागतं.

ताकद लागते, पण नुसत्या ताकदीनं भागत नाही. उंचवट्यावर चढताना अंग हलकं करायचं, उतरताना हातापायांनी सायकल दाबायची, म्हणजे पेडल न मारता वेग वाढतो. हे ज्या पोराला जमतं ते पुढे जातं, मग मुलगा असो की मुलगी. दहा-अकरा वर्षांपर्यंत तर आमच्या क्लबात दोघांत डावंउजवं करता येत नाही.

आता जागांचं बघू. बीएमएक्स शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली २००८ला, बीजिंगमध्ये. तेव्हा पुरुषांना ३२ जागा होत्या, स्त्रियांना १६. लंडनला २०१२मध्ये तेच, रिओला २०१६मध्येही तेच. सलग तीन ऑलिम्पिक. लंडनला तर ट्रॅकच्या एका भागात स्त्रियांची वाट पुरुषांपासून वेगळी काढली होती. खेळ नवा, त्याच्यापुढे जुन्या परंपरेची अडचण नव्हती, कोऱ्या कागदावर आकडे लिहायचे होते, तरी लिहिताना दुप्पट आणि निम्मे असेच लिहिले गेले.

आणि या निम्म्या जागांत आलेल्या बायकांनी काय केलं? बीजिंगच्या पहिल्या अंतिम फेरीत ब्रिटनची शनेझ रीड होती, वय १९, त्या वेळची जगज्जेती. फ्रान्सची आन-कॅरोलिन शोसाँ पुढे, रीड तिच्या मागे. शेवटच्या वळणावर रीड दुसऱ्या जागी निवांत राहिली असती तर रौप्य तिचंच होतं. ती आतून घुसली, चाकं लागली, ती पडली आणि हातात काहीच आलं नाही. शोसाँ जिंकली. त्या पडण्याबद्दल लोक अजून बोलतात, कुणी तिला उतावळी म्हणतं. मला ती फेरी आठवली की एवढंच दिसतं, की हा खेळ बायकांना जरा सौम्य करून द्यावा असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी एका मुलीनं रौप्यपदक पणाला लावलं होतं.

मग टोकियो. जागा २४ आणि २४ झाल्या. इथे एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करायला हवी, कारण आमच्या बाजूचे लोक ती बोलायला कचरतात. एकूण जागा ४८च राहिल्या. म्हणजे स्त्रियांना मिळालेल्या आठ जागा पुरुषांच्या गेल्या. आठ पुरुष खेळाडू, ज्यांनी आयुष्यभर मेहनत केली, ते त्या बदलामुळे ऑलिम्पिकला गेले नाहीत. त्यांना वाईट वाटलं असेल आणि ते खरं दुःख आहे. माझ्या क्लबातले एक वडील मला म्हणाले, जगात बीएमएक्स खेळणारे मुलगे जास्त आहेत, मग त्यांना जागा जास्त मिळणं हाच न्याय नाही का?

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्यांचा प्रश्न खोटा नाही. जागा ही आजच्या संख्येची पावती मानली, तर ते बरोबर आहेत. पण ऑलिम्पिकची जागा पावती नसते. ती पाहून देशोदेशीच्या संघटना ठरवतात, की मुलींसाठी प्रशिक्षक नेमायचा का, त्यांना परदेशी शर्यतींना पाठवायचं का. एखाद्या संघटनेनं ३२ आणि १६ हे आकडे पाहिले की तिथला खजिनदार सरळ पुरुषांच्या बाजूला पैसे लावतो, त्यात त्याचा वाईट हेतूही असावा लागत नाही. वरच्या आकड्याचा परिणाम गावातल्या ट्रॅकपर्यंत उतरतो. मग खालच्या ट्रॅकवर मुली कमी दिसतात, आणि ती संख्या वरती पुरावा म्हणून दाखवली जाते.

हे मी हवेत बोलत नाही. ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. रिओनंतर टोकियोसाठीच्या चार वर्षांचं पैशांचं वाटप झालं, तेव्हा इथल्या राष्ट्रीय क्रीडा निधीनं बीएमएक्स शर्यतीत फक्त पुरुषांना पैसे द्यायचे असं ठरवलं. कारण पदकाची शक्यता. जिथून पदक येईल तिथे पैसा, हे इथलं धोरण, आणि त्या धोरणानं ब्रिटनला बरीच पदकं मिळवून दिलीत हेही खरं. पण बीएमएक्स शर्यतीत तोवर ब्रिटनच्या पुरुषांनाही ऑलिम्पिक पदक मिळालेलं नव्हतं. एकही नाही. उलट रीड तीन वेळा जगज्जेती झालेली होती. पदकांची पाटी दोन्ही बाजूंना कोरी असताना पुरुषांच्या बाबतीत ती 'पुढे येईल' अशी वाचली गेली, स्त्रियांच्या बाबतीत 'येणार नाही' अशी. एकच पाटी दोन तऱ्हांनी वाचली जाते तेव्हा त्याला हिशेब म्हणत नाहीत.

बेथनी श्रायव्हर तेव्हा जेमतेम अठराची होती. एसेक्सची मुलगी, ब्रेंट्रीच्या क्लबात लहानपणी सायकल शिकलेली. २०१७मध्ये ती ज्युनिअर गटाची जगज्जेती झाली, म्हणजे ज्या वर्षी तिच्या गटाला पैसे नाहीत त्याच वर्षी. ती आईवडलांकडे राहिली, एका शाळेत मदतनीस शिक्षिकेची अर्धवेळ नोकरी धरली, उरलेल्या वेळात सराव. ऑलिम्पिकची पात्रता मिळवायची तर देशोदेशी जाऊन शर्यतींत गुण मिळवावे लागतात. विमानाची तिकिटं, सायकलीचं जादा सामान, राहणं, खाणं. २०१९मध्ये तिनं लोकांपुढे हात पसरले. ५० हजार पौंड उभे करण्यासाठी तिनं वर्गणीचं आवाहन केलं. त्याच वर्षी पुढे तिला राष्ट्रीय कार्यक्रमात परत घेतलं.

टोकियो, ३० जुलै २०२१. आधी पुरुषांची अंतिम फेरी झाली आणि ब्रिटनच्या काई व्हाइटनं रौप्य जिंकलं, या खेळातलं देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक. काही मिनिटांत स्त्रियांची फेरी. श्रायव्हर गेटवरून पुढे निघाली ती पुढेच राहिली, पण शेवटच्या सरळ पट्ट्यात कोलंबियाची मारियाना पाहोन तिला गाठत होती. लंडन आणि रिओ दोन्हीकडे सुवर्ण घेतलेली पाहोन. रेषेवर दोघींत अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होतं. श्रायव्हर जिंकली आणि तिथेच जमिनीवर कोसळली, पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं. व्हाइट धावत गेला आणि त्यानं तिला उचलून घेतलं. तो फोटो आमच्या क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत अजून लावलेला आहे. कोपरे वर आलेत, चिकटपट्टी दोनदा बदललीय.

त्या फोटोत दोन खेळाडू आहेत. एकाच्या गटाला देशानं पैसे दिले होते, दुसरीच्या गटाला नाकारले होते. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिला आधी पटेचना. तिला वाटलं मी उलटं सांगतेय.

लोक ही गोष्ट जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. बघा, मनात असलं की वाट निघते. मला तसं सांगायला आवडत नाही. श्रायव्हरला आईवडलांचं घर होतं, आधार होता, वर्गणी देणारे लोक होते. तिच्याबरोबर त्या वर्षी आणखी किती मुलींनी सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या असतील, त्यांचा फोटो कुठे लागलेला नाही. एक मुलगी भिंत चढून आली म्हणून भिंत बरोबर ठरत नाही.

पदकावर पैसा ठरवण्यातली दुसरी अडचण तीन वर्षांनी पॅरिसला दिसली. श्रायव्हर तिथे अंतिम फेरीपर्यंत एकही फेरी हरली नव्हती. अंतिम फेरीत सुरुवात चुकली आणि ती आठवी आली, म्हणजे शेवटची. ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा जिंकली. या खेळात असंच होतं. पाऊण मिनिटाचाही नसलेला खेळ, आठ जणी, एक गेट. दोन दिवस जिंकत आलेली बाई शेवटच्या फेरीत मागे पडते. त्या एका फेरीवर पुढच्या चार वर्षांत मुलींना प्रशिक्षक मिळणार की नाही हे ठरवायचं, म्हणजे शेतकऱ्यानं एका पावसावर पुढच्या चार हंगामांचं बी ठरवण्यासारखं आहे.

आता भीतीबद्दल. यावर लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. नात सायकलच्या शर्यतीत आहे म्हटल्यावर त्यांना कौतुक वाटलं. मग तिच्या काकानं फोनवर शर्यतीची चित्रफीत दाखवली. रात्री त्यांचा फोन आला. "अगं, पोरीच्या तोंडाला काही झालं म्हणजे? मुलीची जात आहे." मी म्हटलं, "अहो आई, हेल्मेट तोंडापर्यंत असतं, हनुवटीसकट." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आणि आत काही झालं तर?"

त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा होता आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. या खेळात हाडं मोडतात. हासळी मोडणं तर इतकं नेहमीचं, की ट्रॅकवर कुणी खांदा धरून उठलं की सगळ्यांना कळतं. त्याहून वाईटही होतं. साया साकाकिबाराचा भाऊ काई हाही याच खेळातला. फेब्रुवारी २०२०मध्ये ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला शर्यतीत तो पडला आणि मेंदूला जबर मार बसला. टोकियोत साया पडली ती वेगळीच. त्यानंतर डोक्याला मार बसून ती खेळ सोडण्यापर्यंत आली होती. अमेरिकेची अलीस पोस्ट, आता अलीस विलोबी, रिओची रौप्यविजेती. तिचा जोडीदार सॅम विलोबी, लंडनचा रौप्यविजेता, रिओनंतर काही आठवड्यांतच सरावात पडला आणि मणक्याला इजा होऊन त्याचं चालणं गेलं. पुढे तो चाकांच्या खुर्चीतून तिचा प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या हाताखाली ती जगज्जेती झाली. टोकियोत आधीचा सुवर्णविजेता कॉनर फील्ड्स उपांत्य फेरीत पडला, मेंदूत रक्तस्राव झाला.

ही नावं मी आईंना सांगितली नाहीत. पण स्वतःशी मांडून पाहिली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. काई साकाकिबारा, सॅम विलोबी, कॉनर फील्ड्स, तिघेही पुरुष. त्यांच्या अपघातांनंतर ट्रॅकची रचना, उड्यांची उंची, डॉक्टरांची तयारी यांवर बोलणं झालं, व्हायलाच हवं. पण 'मुलग्यांनी हा खेळ खेळू नये' असं मी कुठे ऐकलं नाही. तोच मार मुलीला बसला की मात्र प्रश्न तिच्या तिथे असण्याचा होतो. शरीर दोघांचं मोडतं, परवानगी फक्त मुलीची काढून घेतली जाते. भीती असेल तर ती दोघांसाठी असावी. मला माझ्या लेकीची भीती वाटते, दर शर्यतीला वाटते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलांच्या आयांनाही वाटताना मी पाहिलंय. गेट पडताना आम्ही सगळ्या एकमेकींचे हात धरतो.

मुली गळतात त्या भीतीनं नाही, असं मला इथली तीन-चार वर्षं पाहून वाटतं. नऊ-दहा वर्षांच्या मुली बेधडक असतात. गळती लागते बारा-तेराला, आणि तिची कारणं बघायला कुणी खाली वाकत नाही, इतकी ती छोटी आहेत. बहुतेक ट्रॅक शहराच्या कडेला, मैदानाच्या टोकाला. स्वच्छतागृह म्हणजे एक हलवता येणारा प्लास्टिकचा डबा, तोही गाड्या लावतात तिथे, ट्रॅकपासून पाच मिनिटांवर. कपडे बदलायला जागा नाही, मुलगे गाडीच्या आडोशाला बदलतात. दिवसभरात तीन मोटो, मग बाद फेऱ्या, मधल्या वेळा ठरलेल्या नाहीत. नाव पुकारलं आणि तू गेटवर नसलीस तर गेट तुझ्यासाठी थांबत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला पाळी आलेली असेल तर तिनं हे कसं जमवायचं? आमच्या क्लबातल्या एका मोठ्या मुलीनं शर्यत सोडली तेव्हा तिनं अभ्यासाचं कारण सांगितलं. तिच्या आईनं मला नंतर खरं कारण सांगितलं. संघाची पँट पांढरी होती.

पांढरी पँट बदलायला कुठल्या समितीचा ठराव लागत नाही. पण समितीत एकही बाई नव्हती, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता पँट काळी आहे, ती मुलगी मात्र परत आली नाही.

दुसरं छोटं कारण म्हणजे सोबत. मुलगे पडतात, उठतात, एकमेकांना चिडवतात, तिथेच बसून वडापाव खावा तसे चिप्स खातात. खेळाचा निम्मा आनंद त्या बसण्यात आहे. एकटी मुलगी त्या घोळक्याच्या कडेला उभी असते. कुणी तिला हाकलत नाही, बोलावतही नाही. नेदरलँड्सच्या लॉरा आणि मेरेल स्मल्डर्स या बहिणी-बहिणी. लॉरानं लंडनला कांस्य घेतलं, मेरेलनं टोकियोला. मला त्या पदकांपेक्षा त्यांच्या लहानपणीच्या संध्याकाळींचं कुतूहल वाटतं. घरातच दुसरी मुलगी होती, तिच्याच वेगाची. ज्या मुलीला अशी बहीण नाही, तिला ती क्लबानं मिळवून द्यायला हवी, म्हणजे त्याच दिवशी त्याच तासाला दुसऱ्या पाच मुली तिथे असतील अशी सोय.

जागा आधी दिली की काय होतं याचं मला सगळ्यात भावणारं उदाहरण कोलंबियाचं आहे. पाहोन मेदेयिनची. जन्म १९९१चा, म्हणजे हिंसाचारासाठी ते शहर जगभर बदनाम होतं त्या काळातला. तिथे ती अगदी लहान असताना मुलांबरोबर सायकल चालवू लागली. आज त्या शहरातल्या बीएमएक्स ट्रॅकला तिचं नाव आहे. एका जिवंत बाईचं नाव, तेही ती खेळत असतानाच, सार्वजनिक मैदानाला देणं ही साधी गोष्ट नाही. तिथे सायकल घेऊन येणाऱ्या मुलाला आपण कुणाच्या ट्रॅकवर आलोय हे दारातच कळतं. लंडनला उद्घाटनाच्या संचलनात देशाचा झेंडा तिच्या हाती होता. आणि ज्यांना वाटतं मुलींना दिलं की मुलांचं कमी होतं, त्यांनी कोलंबियाच्या पुरुषांकडे पाहावं: लंडन, रिओ, टोकियो, तिन्ही वेळा या शर्यतीत त्यांनी कांस्य आणलं. एका मुलीभोवती खेळ वाढला आणि मुलगेही त्यात वाढले. रिओला कांस्यपदक घेऊन तिच्या शेजारी उभी होती शेजारच्या व्हेनेझुएलाची स्टेफानी एर्नांदेस.

महाराष्ट्राचं नाव मी इथे ओढूनताणून आणत नाही. भारतातून ऑलिम्पिकच्या बीएमएक्स शर्यतीत अजून कुणीही उतरलेलं नाही, ना मुलगी ना मुलगा. आपल्याकडे हा खेळ जवळजवळ सुरूच व्हायचा आहे. पण मला त्यातच संधी दिसते, कारण सायकल आणि मुलगी ही जोडी आपल्याला नवी नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळा लांब असलेल्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सुट्टीला गावी गेले की सकाळी रस्त्याच्या कडेनं दप्तर पाठीला लावून निघालेल्या मुलींची रांग दिसते, ओढणी कमरेला बांधलेली, म्हणजे चाकात जाऊ नये. सायकलस्पर्धांमध्येही आपल्या मुली पुढे आहेत: कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे, डोंगरवाटांच्या सायकलिंगमधली प्रणिता सोमण, ट्रॅकवरची मयूरी लुटे. बळ नाही, आवड नाही, असं म्हणायला जागाच उरलेली नाही.

पण आपण मुलीला सायकल देतो ती कुठेतरी पोचण्यासाठी. शाळेत, क्लासला, दुकानात. ते फार मोलाचं आहे, त्या सायकलीमुळे किती जणींची शाळा टिकली असेल. तरी मला वाटतं, की मुलीला कुठेच न पोचण्यासाठीही सायकल मिळावी. एका जागेवरून निघून गोल फिरून त्याच जागी यायचं, फक्त आधीपेक्षा लवकर. मुलग्याला हे कुणी विचारत नाही, की तू या उंचवट्यावरून उडी का मारतोस, त्याचा उपयोग काय. मुलीच्या प्रत्येक गोष्टीला मात्र उपयोग सांगावा लागतो. खेळातही आपण सांगतो, आत्मविश्वास वाढतो, नोकरीत आरक्षण मिळतं. माझी लेक उडी मारते कारण चाकं जमिनीवरून सुटतात तेव्हा पोटात गोळा येतो आणि तो तिला आवडतो. मला हे कारण पुरेसं वाटतं.

आणि खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीचा ट्रॅक फार महाग नसतो. माती, मुरूम, एक जेसीबी, आणि ज्याला उंचवट्यांची मापं कळतात असा एक माणूस. लहान मुलांसाठी आठ मीटरचं टेकाड लागत नाही, पुरुषभर उंचीवरूनही शिकता येतं. हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्याच्या ढाली मात्र हव्यातच, तिथे काटकसर करू नये, आणि त्या क्लबाच्या मालकीच्या असाव्यात म्हणजे ज्यांना परवडत नाहीत त्यांना घालता येतील. पावसाळ्यात माती वाहून जाणार, दिवाळीनंतर पुन्हा आकार द्यावा लागणार. ते इथेही दर वर्षी करतो आम्ही, फावडी घेऊन.

त्या व्यवस्थापकांकडे मी परत गेले होते. या वेळी मागणी घेऊन नाही, वेळापत्रक घेऊन. आठ ते तेरा वयाच्या सगळ्या मुलींचा एक गट, नऊ नावं, दोन मोटो, एकूण वेळ सात मिनिटं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, बायकोला हाक मारली, तिनंही वाचलं. उन्हाळ्यात दोन शर्यती तशा झाल्या. पहिलीला नऊ मुली, दुसरीला चौदा. चौदांतल्या दोघी आधी कधी शर्यतीत उतरल्याच नव्हत्या, मोठ्या भावांबरोबर कुंपणाबाहेर बसून असायच्या. माझी लेक दुसऱ्या शर्यतीत सहावी आली. गाडीत ती घरापर्यंत बोलत होती, कोण कुठल्या वळणावर आत घुसलं, कुणाचं चाक निसटलं, पुढच्या वेळी गेटवर ती कुठली जागा मागणार.

आपल्याकडे कुणी कुठल्या तालुक्याच्या मैदानात असा ट्रॅक करायचं मनावर घेतलं, तर माझी एकच विनंती आहे. आधी मुलगे येऊ देत, मुलींचं मागाहून बघू, असं करू नका. पहिल्या आठवड्यापासून एक तास मुलींचा ठेवा, पाच आल्या तरी ठेवा, दोन आल्या तरी ठेवा. शिकवायला एक बाई असू द्या. दार लागतं आणि पाणी येतं असं स्वच्छतागृह ट्रॅकच्या शेजारी बांधा. आणि तास संध्याकाळी साडेचारचा असू द्या, शाळा सुटली की येता येईल आणि अंधार पडायच्या आत सायकलवर घरी पोचता येईल असा.